मोठ्या टाकीचा फिल्टर: हप्त्यावर एक, की टप्प्याटप्प्याने दोन?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. ६ बाय २ बाय २ फुटांची काचेची टाकी घेऊन झाली आहे, पाणी अजून भरलेलं नाही. तिच्यात चार ऑस्कर (मोठे होणारे, खादाड मासे) वाढवायचे आहेत. घर भाड्याचं आहे, वरच्या मजल्यावर. फिल्टरसाठी तीन कोटेशन आणली आहेत: एक मोठा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर), दोन मध्यम कॅनिस्टर, किंवा टाकीला भोक पाडून खाली संप (फिल्टरचं काम करणारी दुसरी, उघडी टाकी). हौशीसाठी साठवलेले पैसे पुरत नाहीत, म्हणून विचारताय की १२ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर घ्यावं, की अडीअडचणीसाठी ठेवलेली ठेव मोडावी.

भाव जागोजागी वेगळे असतात, म्हणून तुमचे आकडे गुणोत्तरात घेतो. मोठा कॅनिस्टर १०० धरला, तर दोन मध्यम मिळून ११५ पडतात आणि संप, भोक, पाइपजोडणी, पंप असं सगळं मिळून १६०. तुमच्याकडे आज ७० आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन मध्यम कॅनिस्टर घ्या, पण आज त्यातला एकच. दुसरा पाच-सहा महिन्यांनी. हप्ता नको आणि ठेवीला हात नको.

हप्त्याचं आधी उरकतो. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की रोख दिले तर दुकानदार ८ टक्के कमी करतो. तिथेच या ‘बिनव्याजी’ हप्त्याचं व्याज आहे. आज ९२ देऊन जी वस्तू घरी येते, तिच्यासाठी तुम्ही वर्षभरात १०० भरणार, आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत जाणार. हिशेब मांडला तर ते वर्षाला सुमारे १६ टक्के दराचं कर्ज ठरतं. प्रोसेसिंग शुल्क असेल तर त्याहून जास्त. ठेवीबद्दल एवढंच: तुम्हीच लिहिलंय की ती जेमतेम दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. ती वाढवायची आहे, तिच्यातून काही काढायचं नाही.

आता फिल्टर. तुमच्या टाकीचं माप २४ घनफूट, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ६०० लिटरच्या आसपास राहतं. एवढ्या पाण्यात फिल्टरचं खरं काम कचरा गाळण्याचं नाही. माशांचा अमोनिया बराचसा कल्ल्यांतूनच पाण्यात उतरतो, तो कुठल्याही स्पंजमध्ये अडकत नाही. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरा त्यामानाने सौम्य. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि पुढे ती माशांच्या खाण्याच्या प्रमाणात वाढत जाते. तुम्ही पैसे मोजताय ते या वसाहतीला घर देण्यासाठी.

आणि इथेच तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ऑस्कर आणाल तेव्हा ते ५ सेंटीमीटरचे असतील. नीट वाढले तर वर्षभरात २५ सेंटीमीटरच्या जवळ जातात, पुढे ३० पर्यंत. पहिले दीड महिने टाकीत मासाच नसणार. त्यानंतरचे तीन-चार महिने भार इतका कमी की एक मध्यम कॅनिस्टर तो आरामात पेलतो. मग वर्षभरानंतरच्या भारासाठी आज कर्ज कशाला काढायचं? एका मध्यम कॅनिस्टरचे ५७-५८ झाले. तुमच्या ७० मधून जे उरतं त्यात एक साधा स्पंज फिल्टर, बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि पाणी तपासायचं थेंबांचं टेस्ट किट बसवा. दर महिन्याला १० बाजूला टाकलेत तर सहाव्या महिन्यात दुसरा कॅनिस्टर रोखीने येतो, तोही ८ टक्के कमी करून.

मोठा एकच का नको, याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आकड्यांत तोच स्वस्त दिसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडेही अशीच टाकी होती, एका मोठ्या कॅनिस्टरवर चालणारी. मी बाहेरगावी असताना आठ-नऊ तास वीज गेली आणि परत आली. वीज आल्यावर कॅनिस्टर आपोआप सुरू झाला, आणि नेमकं तेच नडलं. कॅनिस्टर हा बंद डबा. आतलं पाणी थांबलं की जिवाणू उरलेला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मग स्वतःच मरायला लागतात, आणि पंप सुरू होताच ते सडकं पाणी थेट टाकीत येतं. मी दार उघडलं तेव्हा टाकीतलं पाणी दुधट झालं होतं आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत होते. कॅनिस्टरची झाकणाची क्लिप काढली तर कुजक्या अंड्यासारखा वास. त्या आठवड्यात चार मासे गेले. त्यातल्या एकाला मी सहा वर्षं सांभाळलं होतं. दुसरा फिल्टर असता तर तोही वीज नसताना बंदच पडला असता, हे खरं. पण बॅटरीचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर असता तर हवा चालू राहिली असती आणि थोडी वसाहत तरी जगली असती. म्हणून ती जोडी मी पहिल्याच खरेदीत घातली आहे. ती पुढे ढकलू नका.

दोन कॅनिस्टरचा उपयोग रोजच्या व्यवहारात आहे. एकाचा इम्पेलर (पंपातला फिरणारा पंखा) अडकला, ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) कडक होऊन गळायला लागली, तर दुसरा टाकी धरून ठेवतो आणि तुम्हाला सुटा भाग मागवायला वेळ मिळतो. धुतानाही आलटून पालटून धुता येतात, म्हणजे अर्धी वसाहत नेहमी जागेवर राहते. (धुताना टाकीतूनच काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि स्पंज त्यात पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.) हे जास्तीचे १५ म्हणजे विम्याचा हप्ता समजा, आणि तो एकदाच भरायचा आहे.

विजेचा हिशेब बहुतेक जण विसरतात, कारण वॅटचे आकडे लहान दिसतात. फिल्टर वर्षाचे सगळे तास चालतो, त्यामुळे १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. तुमच्या कोटेशनमधला मोठा कॅनिस्टर ४५ वॅटचा, म्हणजे वर्षाला ३९४ युनिट. दोन मध्यम, २५-२५ वॅटचे, ४३८ युनिट. संपचा पंप ८० वॅटचा, ७०१ युनिट. पाच वर्षांत संप आणि दोन कॅनिस्टर यांच्यातला फरक १३०० युनिटच्या वर जातो. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन गुणाकार करा आणि तो आकडा १६० मध्ये मिळवा. कमी वॅटचा डीसी पंप घेतला तर हा फरक जवळपास मिटतो, पण मग पंपाची सुरुवातीची किंमत वाढते.

संप मला मनापासून आवडतो. तो उघडा असल्याने हवा खेळती राहते, पाण्याचा एकूण साठा वाढतो, हीटर टाकीबाहेर ठेवता येतो, मीडिया (रिंगा, स्पंज वगैरे) हवा तेवढा भरता येतो. घर स्वतःचं आणि तळमजल्यावरचं असतं तर मी तुम्हाला १६० साठी थांबून साठवायला सांगितलं असतं. पण भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर माझं मन धजत नाही. तुमच्या टाकीत पाण्याची पातळी १ सेंटीमीटर खाली आली की ११ लिटर पाणी हलतं. वीज गेल्यावर ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी जिथून खाली संपमध्ये पडतं त्या जागेच्या) काठापर्यंतचं आणि रिटर्न पाइपातून (पाणी परत वर नेणाऱ्या नळीतून) उलटं येणारं पाणी खाली उतरतं. पातळी ३ सेंटीमीटर उतरली तर ३३ लिटर, आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवलेली नसेल तर ते जमिनीवर. खालच्या घराचं छत खराब झालं तर भरपाई तुम्हाला द्यावी लागेल, आणि ती या तिन्ही कोटेशनपेक्षा मोठी असू शकते. शिवाय टाकीची ज्या बाजूची काच टफन (तापवून कडक) केलेली असेल तिला भोक पाडताच तिचा चुरा होतो. आणि घर बदलताना कॅनिस्टर नळ्या काढून उचलता येतो, संपची पाइपजोडणी बहुधा पुन्हा करावी लागते.

घराचा विषय निघालाच आहे तर, नुसत्या पाण्याचं वजन ६०० किलो आहे. घरमालकांची लेखी परवानगी आणि टाकी भिंतीलगत, भार पेलणाऱ्या जागी ठेवण्याबद्दल जाणकाराचं मत, हे दोन्ही फिल्टरच्या आधी घ्या.

खरेदी करताना डब्यावरच्या लिटर-प्रतितास आकड्याला भुलू नका. तो रिकाम्या फिल्टरचा असतो. मीडिया भरला, नळ्या चढल्या, महिनाभराचा गाळ साचला की प्रवाह बराच कमी होतो. घरी बादली आणि घड्याळ घेऊन मोजा: १० लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली तर प्रवाह तासाला १००० लिटर. तुमचे दोन्ही कॅनिस्टर मिळून खरा प्रवाह २००० च्या खाली जायला लागला की धुवायची वेळ झाली. ऑस्करसारख्या खादाड माशांना प्रवाह थोडा जास्तच बरा.

ज्या कॅनिस्टरमध्ये मोकळ्या टोपल्या असतात आणि कुठलाही स्पंज, कुठल्याही रिंगा भरता येतात, तोच घ्या. ठरावीक कार्ट्रिजच बसणारा फिल्टर दुकानात स्वस्त वाटतो आणि मग दर महिन्याला पैसे मागत राहतो. सिरॅमिक रिंगा वर्षानुवर्षं चालतात, त्या बदलायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. मात्र एक इम्पेलर आणि एक ओ-रिंग जास्तीची त्याच दिवशी घेऊन ठेवा. ते मॉडेल बंद झालं की हेच दोन भाग मिळत नाहीत आणि चांगला फिल्टर भंगारात जातो. यूव्ही दिवा सध्या घेऊ नका. तो हिरवं पाणी आवरतो, पण जिवाणूंचं काम करत नाही, आणि त्याचा दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो.

एक खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये नाही. फिल्टर कितीही भारी घेतला तरी नायट्रेट पाण्यातच साठत जातं आणि ते पाणी बदलूनच बाहेर काढावं लागतं. आठवड्याला चौथा हिस्सा म्हणजे १५० लिटर, वर्षाला ७८०० लिटर. एवढं पाणी आणि दर आठवड्याचा तो तासभर तुमच्याकडे आहे का, हे घरच्यांशी बसून बोला. ऑस्कर नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. गृहकर्ज सोडलं तर घरातला हप्ता सहसा एवढा लांब चालत नाही.

तर या महिन्यात एक कॅनिस्टर, स्पंज फिल्टर, एअर पंप आणि टेस्ट किट. टाकी भरून जिवाणू जमू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे आणू नका. मासे आल्यावर दर आठवड्याला एका वहीत तीन आकडे लिहा: अमोनिया, नायट्रेट आणि बादली भरायला लागलेले सेकंद. अमोनिया एकदा जरी शून्याच्या वर दिसला तर खाणं निम्मं करा, पाणी बदला, आणि सहाव्या महिन्याची वाट न पाहता दुसरा कॅनिस्टर आणा. तोवर साठवलेले पैसे थोडे कमी पडत असतील तर तेवढ्यापुरतं मला कळवा, त्या महिन्याचा घरखर्च आपण एकत्र बसून बघू.