तंत्रज्ञान फक्त युरोपातूनच बाहेर गेलं का?

प्रश्न: सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपीय जहाजांनी जग जोडलं आणि तंत्रज्ञानही युरोपातूनच सगळीकडे पोचलं, असं आम्ही शिकलो. आशियातून अमेरिकेत रेशीम आणि चिनी मातीची भांडी सोडून दुसरं काही गेलं का?

उत्तर: गेलं, आणि साध्या खलाशांनी नेलं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते मेक्सिकोतलं अकापुल्को या मार्गावर स्पॅनिश गॅलियन जहाजं चालली. मनिलाला येताना चांदी, अकापुल्कोला जाताना रेशीम. या चांदीवर भरपूर लिहिलं गेलंय. माझं लक्ष मात्र जहाजांवर राबणाऱ्या फिलिपिनो माणसांकडे जातं.

१६१९ मध्ये कप्तान सेबास्तियन दे पिनेदाने स्पेनच्या राजाला कळवलं, की आदल्या वर्षी ‘एस्पिरितू सांतो’ जहाजातून आलेल्या पंचाहत्तर फिलिपिनो खलाशांपैकी पाचच जण परतीला जहाजावर होते. बाकीचे कुठे गेले? मेक्सिकोतल्या कोलिमाच्या किनाऱ्यावर, नारळीच्या बागांत. तिथे ते नारळाची माडी काढत आणि तिची दारू गाळत, अगदी फिलिपिन्समध्ये गाळत तशी. पिनेदाची तक्रार अशी, की स्थानिक लोक आता हीच दारू पितात, मग स्पेनहून येणारी द्राक्षांची दारू घेणार कोण? उपाय म्हणून त्याने या माणसांना परत धाडायला, नारळी तोडायला आणि भट्ट्यांची भांडी जाळायला सांगितलं.

ती भट्टी डोळ्यांपुढे आणून बघा. पोकळ केलेलं झाडाचं खोड चुलीवरच्या भांड्यावर उभं, त्याच्या तोंडावर गार पाण्याने भरलेलं पातेलं. वाफ वर जाते, पातेल्याच्या गार बुडाला लागून थेंब होते. ते थेंब आतल्या लाकडी पळीवर पडतात आणि बांबूच्या नळीतून बाहेर येतात. हाताशी असलेल्या लाकडातून कुणालाही उभी करता येईल अशी ही रचना. मेक्सिकोत घायपाताची दारू गाळायलाही पुढे ती वापरली गेली.

जहाजाच्या मालाच्या यादीत ही भट्टी तुम्हाला सापडणार नाही; ती खलाशांच्या हातात होती. म्हणूनच जकातीच्या नोंदींइतकीच अशी तक्रारपत्रंही वाचावीत, असा माझा आग्रह असतो. कोलिमात आजही नारळाच्या माडीला ‘तुबा’ म्हणतात. हा शब्द फिलिपिन्सचा.