‘नो विन, नो फी’ करारावर दावा करूनही घरमालकाला विरुद्ध पक्षाच्या वकिलांचे बिल का येते, आणि ते आल्यावर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: इंग्लंडमधील यॉर्कशर येथील आपल्या आई-वडिलांच्या घराच्या पोकळ भिंतींत (दोन थरांच्या मध्ये पोकळी असलेल्या) सरकारी योजनेतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक साहित्य, भरले गेले, पुढे घरात ओल आणि बुरशी आली, दारावर आलेल्या एका माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी ‘नो विन, नो फी’ (जिंकलो नाही तर फी नाही) करारावर दावा लावला, दावा चालवणारी सॉलिसिटर, म्हणजे वकिलांची, कंपनी बुडाली, आणि आता विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी त्यांच्याकडे हजारो पौंड मागितले आहेत. हे कायद्यात बसते का, आणि पैसे भरावेच लागतील का, असे आपण विचारले आहे. मी इंग्लंडमध्ये न्यायखर्चाच्या बिलांची छाननी करण्याचे काम करते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. अशी मागणी कायद्यात बसू शकते. मात्र मागितलेली सगळी रक्कम भरावीच लागेल असे मुळीच नाही. कारणे पुढे सांगते, कारण काही मुदती कारणांपेक्षा तातडीच्या आहेत.

सर्वप्रथम हातात आलेला कागद नेमका कोणता आहे ते पाहा. ते केवळ वकिलांचे मागणीपत्र असेल, तर त्यामागे न्यायालयाचा आदेश आहे का हे लेखी विचारा आणि आदेशाची प्रत मागा. खर्चाच्या तपशीलवार छाननीची नोटीस असेल, तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत बिलातील कोणत्या बाबी का मान्य नाहीत हे लेखी कळवावे लागते. ही मुदत चुकली की समोरच्या पक्षाला कोणतीही छाननी न होता संपूर्ण बिल देय असल्याचे प्रमाणपत्र न्यायालयाकडून मिळवता येते. असे प्रमाणपत्र आधीच निघाले असेल, तर ते रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो; पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो उशीर का झाला हा, म्हणून अर्जाला एक आठवडाही वाया घालवू नये. दावा स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयीन मार्गावर, नेमला गेला होता का, हेही तपासा. तेथे हरणाऱ्याकडून वकिलाची फी सहसा मिळत नाही, आणि तसे असेल तर मागणीचा पायाच डळमळतो. छाननी झाली तरी ती बहुधा ज्या निकषावर होते, त्यात खर्च वाजवी आणि दाव्याच्या प्रमाणात असावा लागतो आणि शंका असेल तेथे फायदा पैसे भरणाऱ्याला मिळतो. काही हजारांच्या ओलीच्या दाव्यात त्याच्या कित्येक पट फीचे बिल पुढे आले, तर त्याला हरकत घेणे हा आपल्या आई-वडिलांचा हक्क आहे, उद्धटपणा नव्हे. खर्चाच्या आदेशावर वर्षाला ८ टक्के व्याज चढते, त्यामुळे पत्रे कपाटात ठेवून देणे सर्वांत महाग पडते.

आता कारणाकडे येते. ‘नो विन, नो फी’ हा करार अशील आणि त्याचा स्वतःचा वकील यांच्यापुरता असतो. दावा हरला तर माझा वकील माझ्याकडून फी घेणार नाही, एवढेच त्यात असते. प्रतिवादीने स्वतःच्या बचावावर केलेला खर्च ही वेगळी गोष्ट आहे, आणि इंग्लंड-वेल्समध्ये सर्वसाधारण नियम असा आहे की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेला नियम असा की, दावेदाराने दावा मध्येच सोडून दिला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा तोपर्यंतचा प्रतिवादीचा खर्च दावेदारावरच पडतो. अशीलाला वाटते, दावा मागे घेतला म्हणजे विषय संपला. प्रत्यक्षात बिलाचा जन्म त्याच दिवशी होतो.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला हे उमगत नाही, याचे एक कारण मला स्पष्ट दिसते. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये हरणाऱ्याने खर्च देण्याची तरतूद आहे, पण प्रत्यक्षात मंजूर होणारी रक्कम वकिलाच्या खऱ्या फीपुढे बहुधा किरकोळ असते, आणि निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. त्यामुळे हा करारही अनोळखी आणि त्याचा धोकाही अनोळखी. दुसरे कारण तिथेच घडते. नात्यातल्या कोणाला तरी मोटार अपघाताच्या दाव्यात असाच करार करून, एक पेनीही न गमावता, भरपाई मिळालेली असते. परंतु शारीरिक इजेच्या दाव्यांना एप्रिल २०१३ पासून एक खास संरक्षण आहे: दावेदार प्रामाणिक असेल, तर हरल्यावरही प्रतिवादीचा खर्च त्याच्याकडून सहसा वसूल करता येत नाही. भिंतीच्या ओलीचा दावा हा मालमत्तेच्या नुकसानीचा दावा असतो, आणि त्याला हे संरक्षण लागू नाही. दारावर येणारा माणूस हा फरक सांगत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मूळ अन्याय तोच आहे.

या धोक्यावरचा उपाय म्हणून दाव्याच्या वेळी एक विमा काढला जातो. हरल्यास प्रतिवादीचा खर्च विमा कंपनीने द्यायचा, अशी त्याची कल्पना. सशर्त फीचे, म्हणजे ‘नो विन, नो फी’ प्रकारचे, करार १९९० च्या कायद्याने शक्य झाले, १९९९ च्या कायद्याने जिंकल्यास विम्याचा हप्ता आणि वकिलाची वाढीव फी हरणाऱ्याकडून घेता येऊ लागली, आणि १ एप्रिल २०१३ पासून ती सोय बहुतेक दाव्यांत बंद झाली. तेव्हापासून हप्ता मुळात दावेदाराच्या खिशातला झाला. तो पुढे ढकललेला असतो, किंवा त्यासाठी दावेदाराच्या नावावर कर्ज काढलेले असते. आई-वडिलांच्या कागदांत अशा कर्जाचा करार आहे का, ते अवश्य बघा. विरुद्ध पक्षाच्या बिलाखेरीज तीही एक मागणी येऊ शकते.

विमा असूनही बिल घरी का येते? कारण पॉलिसीच्या अटी बहुतांशी वकिलाने पाळायच्या असतात. दाव्याच्या यशाची शक्यता पुरेशी आहे याची खात्री करत राहणे, बिघाड दिसताच विमा कंपनीला कळवणे, तिच्या संमतीशिवाय दावा पुढे न नेणे, अशा त्या अटी. त्या मोडल्या की कंपनी हात वर करते, आणि न्यायालयाच्या आदेशावर नाव मात्र घरमालकाचे असते. शेफील्डची एसएसबी लॉ ही कंपनी जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली, तेव्हा पोकळ भिंतींच्या दाव्यांतील तिच्या अनेक अशिलांवर नेमके हेच ओढवले. बऱ्याच जणांना आपला दावा सोडून दिला गेल्याचे प्रथम कळले ते मागणीच्या पत्रातून, तर काहींच्या दारात बेलिफ उभे राहिले. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, आणि सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने वेळीच पावले उचलली होती का, याची स्वतंत्र चौकशी अशा नियामक संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस बोर्डाने बेल्फास्टच्या एका विधी कंपनीकडून करवून घेतली. आपल्या आई-वडिलांची कंपनी कोणती, हे आपण लिहिलेले नाही आणि इथे लिहूही नये; पण घडण तीच दिसते.

पैसे कोणाकडून परत मिळू शकतील, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे. कंपनी बुडाली तरी तिचा व्यावसायिक विमा बुडत नाही. इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक सॉलिसिटर कंपनीला असा विमा घ्यावा लागतो, आणि उत्तराधिकारी कंपनीशिवाय ती बंद पडली तर पुढील सहा वर्षे दाव्यांसाठी संरक्षण चालू राहते. दावा लावण्याजोगा नसताना लावला, विम्याच्या अटी पाळल्या नाहीत, धोका समजावून सांगितला नाही किंवा न विचारता दावा सोडला, यांपैकी काहीही दाखवता आले, तर निष्काळजीपणाचा दावा त्या विमा कंपनीवर सांगता येतो. तिचे नाव नियामक संस्थेकडे किंवा प्रशासकांकडे लेखी विचारल्यास कळते. त्याआधी संपूर्ण फाइल मागवा. आई-वडिलांविषयीची जी वैयक्तिक माहिती कंपनीकडे होती, ती मागण्याचा त्यांना माहिती संरक्षण कायद्याने हक्क आहे आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. फाइलमध्ये मी सर्वांत आधी भिंतीच्या तपासणीचा अहवाल शोधते, कारण घर न पाहता किंवा पाच मिनिटांत पाहून लिहिलेला अहवाल असेल, तर दावा कोणत्या पायावर उभा केला होता हे तिथेच उघड होते.

दाव्याच्या विम्याची कंपनी पैसे नाकारत असेल, तर तिच्याकडे रीतसर तक्रार नोंदवा आणि नकाराचे कारण पॉलिसीच्या कलमासह मागा. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार, ज्या ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन माहिती दिली, त्याची पॉलिसी केवळ माहिती चुकीची निघाली म्हणून रद्द करता येत नाही. वकिलाने अटी मोडल्या हा मुद्दा याहून कठीण आहे, तरीही कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे जाता येते; कंपनी त्याच्या अधिकारकक्षेत येते का, तेवढे आधी तपासा. यासाठी शुल्क लागत नाही.

तोपर्यंत वसुली कशी थोपवायची? समोरच्या वकिलांना पत्र लिहा की रकमेवर हरकत आहे, विमा कंपन्यांकडे मागणी केली आहे आणि तोवर वसुली स्थगित ठेवावी. अनेकदा ते थांबतात, कारण विमा कंपनीकडून एकरकमी मिळणारे पैसे त्यांनाही निवृत्तिवेतनधारकाच्या हप्त्यांपेक्षा बरे वाटतात. घर जाईल या भीतीने आपल्या आईला झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यांना एवढे सांगा की न्यायालय घरावर बोजा चढवू शकते, पण घर विकण्याचा आदेश ही वेगळी पायरी आहे, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी सुनावणी लागते, आणि अशा कर्जासाठी राहते घर विकायला लावणे न्यायाधीश सहजासहजी मान्य करत नाहीत. कर्जविषयक सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ योजनेत नाव नोंदवता आले, तर ६० दिवस वसुली आणि बहुतेक व्याज थांबते. सिटिझन्स अॅडव्हाइस आणि स्टेपचेंज या संस्था असा सल्ला मोफत देतात, आणि आपल्या वडिलांना इंग्रजी पत्रे वाचणे जड जात असेल, तर सोबत कोणी बसावे असे आधीच सांगून ठेवा.

बुडालेल्या कंपनीवर दावा लावून देतो, तोही ‘नो विन, नो फी’ तत्त्वावर, असे सांगणारे फोन अशा कुटुंबांना येऊ लागतात. त्यांतले काही वकील खरोखर चांगले असतात. तरी सही करण्यापूर्वी लेखी विचारा: हरल्यास प्रतिवादीचा खर्च कोण देईल, विमा कोणत्या कंपनीचा आणि किती रकमेपर्यंतचा आहे, हप्ता कोण आणि केव्हा भरणार, आणि आमच्या संमतीशिवाय दावा सोडला जाणार नाही हे करारात आहे का. पॉलिसीचा पूर्ण मजकूर हातात येईपर्यंत वडिलांनी कशावरही सही करू नये.

भिंत अजूनही ओली असेल, तर इन्सुलेशन भरताना मिळालेले हमीपत्र शोधा. पुष्कळ घरांना सीगा (CIGA) या पोकळ भिंतींच्या इन्सुलेशनची हमी देणाऱ्या संस्थेची २५ वर्षांची हमी असते, आणि तिच्याकडे तक्रार करायला वकील लागत नाही. भिंतीची पोकळी मुळात पावसाचे पाणी आतल्या भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणून ठेवलेली असते. वाऱ्यासह मारा करणाऱ्या पावसाच्या जागी, भेगा न बुजवता ती भरली, तर पाण्याला आत यायला वाट मिळते. अशा वेळी भरलेले साहित्य बाहेर काढणे हाच उपाय उरतो. हमीपत्र सापडले नाही, तर घराचा पत्ता देऊन सीगाकडे नोंद आहे का, हे विचारता येते.