क्रू मेसमध्ये काय मिळतं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

क्रूझवर असिस्टंट वेटर म्हणून निवड झाली आहे. जेवणाचे पैसे पगारातून कापतात का? प्रवाशांसाठी शिजतं तेच आम्हालाही मिळतं का?

पैसे कापत नाहीत, आणि कापताही येत नाहीत. सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार (एमएलसी २००६) २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला, त्यांच्या झेंड्याखालच्या जहाजांवर कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत जेवण आणि पिण्याचं पाणी मोफत द्यावंच लागतं. जेवण पुरेसं, पोषक आणि वेगवेगळ्या प्रकारचं हवं, शिवाय खाणाऱ्यांचा धर्म आणि चालीरीती लक्षात घ्यायला हव्यात, असंही त्यात आहे. क्रू बारमधली पेयं, चिप्स, चॉकलेट मात्र स्वतःच्या खर्चाने. ते जहाजावरच्या तुमच्या खात्यातून वळते होतात आणि महिनाअखेरीला आकडा बघून अनेकांचे डोळे उघडतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. धान्य, मांस, भाजी एकाच कोठारातून निघते, पण क्रूची गॅली (जहाजावरचं स्वयंपाकघर) वेगळी, मेनू वेगळा आणि माणशी खर्चाचं गणितही वेगळं. मोठ्या जहाजावर सहसा तीन मेस असतात: क्रू, स्टाफ आणि ऑफिसर. तुमचं ताट बहुतेक क्रू मेसमध्ये. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातले लोक क्रूमध्ये भरपूर असल्याने भात जवळपास प्रत्येक जेवणाला असतो. सोबत सूप, चिकनचा एखादा प्रकार, मासे, एखादी रस्सेदार करी, पास्ता, उकडलेल्या भाज्या, सॅलड, ब्रेड, फळं. मेनू काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात आज काय असेल हे तुम्ही न बघता सांगाल. चव मुद्दाम बेताची ठेवतात, कारण पाचपन्नास देशांची माणसं एकाच काउंटरवर जेवतात. तिखट सॉसची बाटली टेबलावर असतेच.

प्रवाशांच्या बफेत उरलेलं क्रूला वाढतात, हे खरं का?

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यातही लोक समजतात तसं काही नाही. प्रवाशाच्या ताटात किंवा टेबलावर गेलेला पदार्थ परत आला की कचऱ्यातच जातो, हात लागलेला असो वा नसो. गॅलीतून बाहेरच न गेलेलं, योग्य तापमानात ठेवलेलं जादा अन्न क्रू मेसमध्ये येऊ शकतं. त्यात गैर काही नाही.

इथे सगळा खेळ तापमानाचा. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअस किंवा वर, थंड ५ अंश किंवा खाली. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न गार करताना ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरायला हवं. पुन्हा गरम केलं तर ७४ अंश गाठायलाच हवेत. चूक होते ती बहुधा खोल भांड्यात. वीस लिटरच्या पातेल्यातली ग्रेव्ही तशीच कोल्डरूममध्ये ढकलली, तर वरून गार वाटते आणि मधोमध कित्येक तास कोमट राहते. म्हणून ती पाचेक सेंटिमीटर खोलीच्या उथळ ट्रेमध्ये ओततात, झाकण पूर्ण न लावता ब्लास्ट चिलरमध्ये (अन्न झटपट गार करणाऱ्या यंत्रात) ठेवतात आणि थर्मामीटर ट्रेच्या मधोमध खुपसून नोंद करतात. कडेला घेतलेल्या तापमानाला अर्थ नाही. काही काउंटरवर तापमानाऐवजी वेळ मोजतात. तिथे चार तास झाले की उरलेलं फेकायचं, फ्रिजमध्ये परत न्यायचं नाही.

हे आकडे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या जहाज स्वच्छता कार्यक्रमाचे आहेत. जहाजावर त्याला सगळे यूएसपीएच म्हणतात. तपासणीत १०० पैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली आले की जहाज नापास. क्रू गॅली आणि क्रू मेससुद्धा याच तपासणीत येतात, त्यामुळे ‘क्रूचंच तर आहे, चालतंय’ असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. क्रू मेसमध्ये खरा धोका आपल्याच लोकांकडून असतो: चिकनचा चिमटा सॅलडमध्ये घालणारे, आणि दारातल्या बेसिनकडे न बघता थेट ताट उचलणारे. सॅनिटायझर चोळला म्हणजे झालं, हाही गैरसमज. नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. वीस सेकंद साबणपाणीच हवं. उलट्या-जुलाब सुरू झाले तर लपवू नका. अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावर आणखी किमान ४८ तास कामावर घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी लंच, रात्री डिनर अशी तुकड्यातुकड्यांची ड्युटी असेल. मग जेवायचं कधी?

आमच्या मते जहाजावरच्या जेवणाचा खरा प्रश्न हाच. पदार्थांची तक्रार सगळे करतात, पण तब्येत बिघडते ती वेळेने. एमएलसी करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. रोजची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक निदान सहा तासांचा. म्हणजे मोठा तुकडा झोपेत जातो आणि जेवण उरलेल्या फटींमध्ये बसवावं लागतं.

अडचण अशी, की प्रवासी जेवतात तेव्हाच मेसही चालू असते. डिनरची मेस उघडी असते त्या वेळेत तुम्ही वर थाळ्या वाहत असता. खाली येता तेव्हा रात्रीच्या पाळीचं काउंटर चालू असतं आणि त्यावर बहुधा भात, नूडल्स, एखादी तळलेली गोष्ट. नवे लोक हमखास पुढची चूक करतात. झोपेपायी सकाळचं खाणं बुडवायचं, दुपारी उभ्याउभ्या दोन घास, आणि मध्यरात्री भाताचा डोंगर घेऊन अर्ध्या तासात आडवं व्हायचं. आठवड्याभरात छातीत जळजळ, महिन्याभरात युनिफॉर्मची कंबर घट्ट.

यापेक्षा मुख्य जेवण डिनर ड्युटीच्या तासभर आधी घ्या. मेस उघडताच पहिल्या दहा मिनिटांत गेलात तर रांग लहान आणि पदार्थ ताजे. भात एक वाटी, चिकन, मासे किंवा डाळ भरपूर, अर्धं ताट भाज्या. पहाटेच्या पाळीआधी निदान दोन उकडलेली अंडी आणि ब्रेड, नाहीतर ओट्स आणि केळं. मध्यरात्री सूप, दही, फळ एवढंच. पाणी दिवसभर घोट घोट प्या. नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, वास येतो, पण पिण्याजोगं असतं.

प्रवासी बदलण्याच्या दिवशी नवे क्रूही चढतात आणि मेस तुंबते, तेव्हा त्या दिवशी लवकर उरका. ड्युटीमुळे मेस हमखास चुकणार असेल तर सुपरवायझरला आधीच सांगून ताट बाजूला काढून ठेवायला लावा. पॅंट्रीत लपून खाऊ नका. अन्न हाताळण्याच्या जागी खाणं हा तपासणीत सरळ दोष धरतात, आणि कपाटामागे सापडलेल्या अर्ध्या सँडविचची झळ अख्ख्या टीमला बसते.

मी शाकाहारी आहे. उपासमार होईल का?

नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. मांस दिसतं तिथे कुणीच फसत नाही. फसवतात ते भाज्यांचे पदार्थ: हाडांच्या स्टॉकचं सूप, ऑयस्टर किंवा फिश सॉस घातलेल्या पालेभाज्या, बेकन टाकलेले बीन्स, जिलेटिनची जेली. मासे तळलेल्या तेलातच फ्रेंच फ्राइजही निघतात. काउंटरवरचं कार्ड वाचा आणि शंका आली तर वाढणाऱ्याला नव्हे, क्रू कुकला विचारा; भांड्यात काय पडलं ते त्यालाच ठाऊक. प्रथिनांसाठी सॅलड बारवरचे छोले-राजमा, डाळ, दूध, दही रोज घ्या. नुसत्या भात-ब्रेडवर कॉन्ट्रॅक्ट काढणारे शेवटी गळून जातात. ॲलर्जी असेल तर रुजू होतानाच डॉक्टर आणि शेफ दोघांनाही लेखी कळवा.

केबिनमध्ये छोटी किटली किंवा इंडक्शन नेलं तर चालेल का?

नाही. आगीच्या भीतीमुळे तापणारी उपकरणं केबिन तपासणीत जप्त होतात. सीलबंद पाकिटं बहुतेक जहाजांवर चालतात. उघडं अन्न ठेवलं की झुरळं आलीच. नूडल्सच्या कपला गरम पाणी मेसमध्ये मिळतं. बंदरावर उतरताना खिशात मेसमधलं सफरचंद नेऊ नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिकेत एका फळापायी दंड होऊ शकतो.

मेसमध्ये ताट रिकामं करायला इतके डबे का असतात?

समुद्रात काय टाकायचं आणि कुठे, हे मार्पोल या जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टात ठरलेलं आहे. अन्नाचा कचरा २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक केला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे टाकता येतो, न दळलेला १२ मैलांपलीकडे. भूमध्य समुद्र, कॅरिबियन अशा विशेष क्षेत्रांत दळलेलासुद्धा १२ मैलांनंतरच. प्लास्टिक कुठेच नाही. म्हणून मऊ अन्न पल्परकडे (कचरा दळणाऱ्या यंत्राकडे) जाणाऱ्या डब्यात आणि मोठी हाडं वेगळी, कारण ती पल्परची पाती अडकवतात. कागदी रुमाल तिसरीकडे. सर्वांत जास्त घोळ लहान वस्तू करतात: बटरची डबी, केचपचं पाकीट, दहीवाटीचं झाकण. अन्नात गेलेली अशी एक गोष्ट सापडली तरी मेसचा माणूस पूर्ण डबा हाताने उपसतो.

जेवण सतत वाईट असेल तर तक्रार कुणाकडे?

बऱ्याच जहाजांवर क्रूच्या जेवणासाठी समिती असते आणि तिची ठरावीक बैठक होते. तिथे ‘जेवण बेकार आहे’ असं मोघम बोललात तर काही हलत नाही. तारीख, वेळ, पदार्थ आणि नेमकी अडचण लिहून द्या: ‘मध्यरात्रीच्या काउंटरवर सलग तीन दिवस भाजी नव्हती’. तेवढ्याने भागलं नाही तर विभागप्रमुख, मग एचआर, मग कॅप्टन. एमएलसीनुसार थेट कॅप्टनकडे किंवा बाहेरच्या अधिकाऱ्यांकडेही जाता येतं, आणि तक्रार केली म्हणून त्रास देता येत नाही. या पद्धतीची प्रत रुजू होताना करारपत्रासोबत मिळायला हवी. मिळाली नाही तर मागून घ्या.