आधी बांध चालून ये

बाय,

तुझा लांबलचक निरोप रात्री दोनदा वाचला. चाळीस मुलं, दोन शिक्षिका, खारफुटीतल्या कांदळाची दोनशे रोपं, आणि चौथ्या दिवशी ती सगळी उपटून बांधावर ओळीने मांडून ठेवलेली. ओळीने, मुळं एका बाजूला करून. हे तूच लिहिलं आहेस, पण लिहिताना तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. चिडलेला माणूस रोपं नदीत भिरकावतो. मुळांना ऊन लागू नये म्हणून वर ओलं गवत टाकत नाही. तेही तूच लिहिलं आहेस.

‘खात्याकडे तक्रार करू का?’ असं विचारतेस आणि पुढच्याच ओळीत ‘की मंडळच सोडू?’ एकाचंही उत्तर मी आज देणार नाही. रोपं लावायच्या आधी तू तो बांध चाललीस का, एवढंच सांग. फेरीबोटीच्या धक्क्याकडून निघून मानशीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापर्यंत, आणि मानशीच्या पलीकडे वळणापर्यंत, सगळा?

नाही ना. वाटलंच.

खारफुटी का जपायची हे मी तुला काय सांगणार, तू त्यात पदवी घेऊन पुण्याहून आलीस. पण चोडण हे गोव्यातलं नदीतलं बेट, त्याला बांध आहे, आणि बांधाला आत-बाहेर असतं. बाहेर मांडवी नदी, आत खाजन, म्हणजे बांधाआडची शेतजमीन. बाहेरच्या अंगाला कांदळ, तिवर उभी असली की लाट त्यांच्यातच दमते आणि बांधाची माती जागेवर राहते. तीच झाडं आत शेतात उगवली की कुळाच्या पोटात गोळा येतो, कारण खारं पाणी आत शिरलंय आणि मुरलंय याची ती खूण असते. तू मुलांना घेऊन लावलीस ती आत. ‘पडीकच होती ना जागा,’ असं तू म्हणतेस. पडीक का होती? कधीपासून? या पावसाळ्यानंतर तिथलं कूळ ती पुन्हा कसायला काढणार होतं का? बांध चालली असतीस तर मानशीजवळ नव्या मातीचा ढीग दिसला असता. तो ढीग कोणी उगाच घालत नाही.

मानस म्हणजे पाणी सोडायचं दार, एवढं तुला ठाऊक आहे. मला तेवढंही ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळाच्या पहिल्या वर्षांत एक म्हातारा मला रात्री मानशीवर घेऊन गेला होता. भरती चढायला लागली की नदीचं पाणी लाकडी दारांना बाहेरून ढकलतं आणि दारं आपोआप मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी त्यांना उघडतं. माणसाचा हात लागत नाही. तो म्हातारा डोळे मिटून बसला होता. दार आपटल्याचा आवाज आला तसा उठला, बांबू घेऊन पाण्यात उतरला आणि दाराच्या फटीत अडकलेली नारळाची झावळी काढून आला. आवाजावरून त्याला कळलं होतं की दार पुरतं बसलेलं नाही. त्याच रात्री मी मनात म्हटलं, आपण इथे मुलांना काय शिकवतोय? ध्रुवीय अस्वलं?

तरी शहाणपण आलं नाही. ते सांगतो, कारण तू त्याच खड्ड्याच्या काठावर उभी आहेस.

१९९१ची किनारी नियमनाची अधिसूचना आल्यावर आम्हांला हातात तलवार मिळाल्यासारखं झालं होतं. त्या काळात एका कुळाने आपल्या शेतात वाढलेली तिवरं तोडली. मी बांध न चालता, फोटो बघून तक्रार लिहिली. उत्तम मराठीत लिहिली, मास्तरच मी. छापूनही आली. त्याला कार्यालयांच्या खेपा घालाव्या लागल्या, आणि दोन वर्षांनी त्याने शेत टाकलं. मला नंतर कळलं की वरच्या वळणावर बांधाला भगदाड पडलं होतं. ते बुजवायला आधी झाडं काढणं भाग होतं, आणि माणसं जमवायला त्याला तीन वर्षं लागली होती. त्या तीन वर्षांत तिवरं डोक्याच्या वर गेली. आज तिथे घनदाट खारफुटी आहे. पक्षी बघायला येणारे तिचे फोटो काढतात, आणि मला विचारतात, ‘सर, ही तुमच्या मंडळाने वाचवली ना?’ मी हो म्हणतो. काय सांगू दुसरं?

पण माझीही बाजू ऐक. त्या दिवसांत नदीतून खनिजाच्या बार्जेस रांगेने जायच्या, त्यांच्या लाटांनी बांध खातात म्हणून शेतकरी ओरडत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. पडीक खाजनांवर डोळा ठेवून बसलेले लोक वेगळे. तांबडी माती ओतली की झाला प्लॉट. अशा वेळी खारफुटीचा कायदा हा एकच खिळा होता जो आम्ही ठोकू शकत होतो. तो ठोकला नसता तर आज तिथे खारफुटीच्या जागी कुंपणाची भिंत असती, हे मी अजूनही म्हणतो. २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा नदी शांत झाली आणि मला वाटलं, बघा, आपण खरे होतो. तो मनुष्य मात्र फेरीत भेटला की अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्या नमस्काराला मान हलवतो, बस. म्हणजे मी खरा होतो की नव्हतो हे तूच ठरव. मी ठरवायचं सोडून दिलंय. (सोडलेलं नाही. तुला लिहिता लिहिता हा परिच्छेद एवढा वाढला, त्यावरून कळेलच.)

तर बांध चाल. मी हे पुन्हा पुन्हा म्हणतो म्हणून मंडळातली पोरं माझी नक्कल करतात, मला माहीत आहे. करू देत.

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजनं मोजली जातात. भरतीच्या पातळीखालची जमीन, माती, पेंढा आणि जांभा दगड यांच्या बांधांनी नदीकडून मागून घेतलेली. बांध सांभाळायचं काम पूर्वी गांवकारीचं, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेचं. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. बांधांचं काम पुढे कुळांच्या संघटनांकडे आलं. पण पोरं बोटीवर आणि पणजीत नोकरीला गेली, बांधावर चिखल घालायला हात उरले नाहीत. तशात मानशीतल्या मासळीचा लिलाव. बोली जिंकणाऱ्याला कोळंबी हवी, म्हणजे खारं पाणी आत हवं. भात करणाऱ्याला ते बाहेर हवं. त्याच दारावरून दोघांची भांडणं. हे सगळं मी सभेत सांगितलं की लोक जांभया देतात. बांधावर उभं राहून सांगितलं की सातवीतलं पोर विचारतं, ‘सर, मग रात्री दार कोण उघडं ठेवतं?’ बघ, कुठे पोचलं ते! तुझ्या भित्तिपत्रकांनी कोणी तिथवर पोचलेलं मला दाखव.

आणि ५ जून, पर्यावरण दिन. दर वर्षी तीच चित्रकला स्पर्धा. मुलं वर्गात बसून पृथ्वीला डोळे आणि अश्रू काढतात. त्याच आठवड्यात दोनशे पावलांवर माणसं पावसाच्या आत बांधाचं शेवटचं काम उरकत असतात, खेकड्यांची बिळं बुजवत असतात. पहिल्या पावसांनी शेतातलं मीठ धुऊन मानशीतून बाहेर जायचं असतं, मग कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या भाताचं मोड आलेलं बी पेरायचं. त्यांना मुलांच्या हातांची गरज असते, निदान मुलांच्या डोळ्यांची. शाळा म्हणतील चिखल होईल, पालक तक्रार करतील. होईलच चिखल. तू त्यावर भांड, ते भांडण भांडण्यासारखं आहे.

प्लास्टिक गोळा करायची मोहीम तू गेल्या वर्षी रस्त्यावर काढलीस. चांगलं झालं, रस्ता स्वच्छ झाला. पण मानशीच्या तोंडाशी पिशव्यांचा जो गठ्ठा अडकतो तो दार बसू देत नाही, आणि एका उधाणात शेत खारं होतं. तिथून सुरुवात केली असतीस तर तुझी रोपं उपटणारा तो गृहस्थ पोतं घेऊन तुझ्या मागे उभा राहिला असता. पण त्यासाठी आधी, होय, तेच.

न्यायालयाबद्दल विचारलंस. कागद आपल्याकडे आहेत. २०११च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनं राखायची, त्यांच्यासाठी आराखडा करायचा, तिथे बांधकामं येऊ द्यायची नाहीत, आणि खारफुटीही राखायची. चांगला मजकूर आहे. पण तुझ्या त्या पडीक तुकड्यात यातलं काय राखायचं हे वकिलाला विचारशील तर तो तुलाच विचारेल, ‘बाई, पाणी कुठून येतं तिथे?’ तेव्हा पायाने पाहिलेलं उत्तर हवं. मी अशा एका प्रश्नाला अडखळलो आहे, चारचौघांत. त्यानंतर वही ठेवायला लागलो : तारीख, तिथी, भगदाड कुठे, पाणी कुठवर. अकरा वह्या झाल्या. तुला देईन, पण अक्षर लावून घ्यावं लागेल.

एक गोष्ट तुझ्या निरोपात मला खरंच लागली. ‘बाहेरून आलेली म्हणून मला कोणी आपलं मानत नाही.’ बाय, मी फेरीने वीस मिनिटांवरच्या गावातून आलो. तीस वर्षांनी अजून मला ‘पलीकडचे मास्तर’ म्हणतात. ते सोडून दे. पाणमांजरं चोडणच्या पक्षी अभयारण्याची हद्द विचारत नाहीत. ते १.७८ चौरस किलोमीटर १९८८मध्ये आखलं. ती तिथून निघून मानशीच्या तोंडाशी मासे मारतात आणि बांधावर घाण करून जातात. त्यांची ती घाण ओळखायला मला त्याच माणसाने शिकवलं ज्याने तुझी रोपं उपटली. हो, मी त्याला ओळखतो. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू आधीच त्याच्याबद्दल मत करून बसली होतीस.

आता काय करायचं ते. चवथीची गडबड आटोपू दे. वद्य चतुर्थीला ये. तिथीची पाऊणपट हे शाळेत शिकली असशील : चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आपल्या नदीत थोडी मागाहून. सुकती सकाळी नऊच्या पुढे. दोन्ही एका दिवसात दिसतील. रायबंदरहून आठची फेरी पकड. पायात घट्ट बसणारं काही घाल, निसरडं आहे. कॅमेरा नको, माणसं त्याच्याकडे बघूनच बोलतात. मुलंही नकोत या खेपेला.

मी त्याला सांगून ठेवतो. बोलेलच असं नाही, पहिला तासभर तर नाहीच. त्याच्या मागून चाल. रोपं अजून ओली असली तर बाहेरच्या अंगाला कुठे जगतील ते तो काठीने दाखवेल. दोनशेतली पन्नास-साठ लागली तरी पुष्कळ. खड्डे तू काढ, तो साठीच्या पुढचा आहे.

डबा घेऊन ये, दोघांचा. त्याला मासे चालतात, सोमवार नसला तर.