ट्यूनचं राहू द्या, आधी विम्याचा कागद काढा

ह्यूस्टनजवळच्या केटीहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "दोन वर्षांपूर्वी २०२२ची रॅम २५०० पिकअप घेतली, कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन. ६२,००० डॉलरचं कर्ज, ८४ महिने, साडेआठ टक्के. त्यातच ४,२००ची एक्स्टेंडेड वॉरंटी. शनिवार-रविवारी गूजनेक ट्रेलर (ट्रकच्या पाठीवर अडकवायचा) लावून ओळखीच्या एका डीलरचे छोटे ट्रॅक्टर पोचवतो, कधी थेट लुइझियानात लेक चार्ल्सपर्यंत. महिन्याला १,२०० मिळतात, त्यातून ट्रकचा हप्ता निघतो. आता एक जण २,८०० डॉलरमध्ये डिलीट करून ट्यून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) देतोय. १०० हॉर्सपॉवर जास्त आणि गॅलनला तीन मैल जास्त म्हणतो. पैसे वसूल होतील का?"

नाही होणार. ट्रेलरच्या खेपा सोडून (त्या थांबवायच्याच आहेत, ते पुढे) तुम्ही वर्षाला १५,००० मैल चालवता, १४चं मायलेज मिळतं. ते खरंच १७ झालं असं धरू (मी धरणार नाही, पण हिशोबापुरतं). वाचतं १९० गॅलन, म्हणजे साडेतीन डॉलर भाव धरला तर ६६०च्या आसपास. वसुलीला चार वर्षांहून जास्त. तोवर ट्रान्समिशन टिकलं तर. २५००मध्ये कमिन्समागे ६८आरएफई नावाचं ट्रान्समिशन बसवलेलं असतं आणि ट्यून केलेल्या गाड्यांत मान टाकतं ते आधी तेच. ते उघडून पुन्हा भरायचं म्हणजे सहा-सात हजार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

डिलीट म्हणजे धूर-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकणं, आणि ते केंद्रीय कायद्यानं बेकायदा आहे. "टेक्सासात डिझेलची धुराची चाचणी होतच नाही," हे तो ट्यूनवाला म्हणालाच असेल, आणि ते खरंही आहे. पण याच रॅमच्या इंजिनांच्या सॉफ्टवेअरवरून खुद्द कमिन्सनं २०२३च्या डिसेंबरात १६७ कोटी डॉलरहून जास्त दंड मान्य केला. आणि उद्या गाडी विकायला न्याल तेव्हा डीलर खाली वाकून बघणारच.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र याच्या कितीतरी पट मोठी आहे. पत्रात विम्याचा एक शब्द नाही. म्हणून मी उलट विचारलं, तर उत्तर आलं, "घरच्या दोन्ही गाड्यांचा आहे तोच." तो कुटुंबाच्या गाडीचा विमा. त्याच्या अपवादांच्या पानावर, भाडं घेऊन माल नेताना झालेला अपघात आमच्या अंगावर नाही, अशा अर्थाचं कलम जवळपास नक्की सापडेल. मंडळाच्या गणपतीचं मखर फुकट नेता ते वेगळं. डीलरकडून पैसे घेऊन त्याचा ट्रॅक्टर नेलात की ते भाडं झालं.

"सीडीएल (व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन) लागत नाही, मी बघितलंय," असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर. भरल्यावरच्या कमाल वजनानं १०,०००चा ट्रक आणि १४,०००चा ट्रेलर मिळून २४,००० पौंड होतात, २६,००१ पासून ते लागतं. पण सीडीएल नको म्हणजे काहीच नको असं नव्हे. भाड्यानं माल घेऊन राज्याची सीमा ओलांडलीत की १०,००१ पौंडांपासून यूएसडॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) लागतो, सोबत वाहतुकीचा परवाना आणि किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा). तुमच्याकडे यातलं काय आहे?

आता तुमचे १,२०० डॉलर बघू. महिन्याला १,२०० मैल, ओढताना मायलेज साडेनऊ, म्हणजे डिझेल ४४०. टायर, तेल, डीईएफ (धूर साफ करणारं द्रावण), घसारा मिळून मैलाला १५ सेंट धरले तर १८०. उरले ५८०, वर्षाचे सात हजार. हप्ता ९८०चा आहे, म्हणजे यातून तो निघतच नव्हता, बाकीचा पगारातून जात होता. शिवाय नव्या माणसाला व्यावसायिक विमा वर्षाला दहा हजारांच्या आत मिळाला तर नशीब. तो भरलात की तीन हजार तोटा. गेली दोन वर्षं तुम्ही नफा म्हणून मोजत होतात तो न भरलेला विम्याचा हप्ता होता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं याहून वेगळं नसतं, आणि इथे भाकऱ्या डीलरच्या.

अपघात झालाच तर टेक्सासचा कायदा तुमचं राहतं घर आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, बहुतांशी वाचवतो. ब्रोकरेज खात्यातले १,४०,००० डॉलर मात्र उघडे आहेत. मुलीच्या कॉलेजचे म्हणून ठेवलेत ना ते?

समोरच्याचा वकील सगळ्यात आधी फोटो काढेल तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा. तुमच्या गाडीवर पेलोड, म्हणजे ट्रकनं स्वतःवर वाहायचं जास्तीत जास्त वजन, २,१५० पौंड लिहिलाय. भरलेल्या गूजनेकचा, समजा १२,५०० पौंडांचा, पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. ते झाले २,५००. वर तुम्ही, हिच (ट्रेलर अडकवायचा जोड), अवजारांची पेटी. ट्यूननं इंजिनची ताकद वाढेल, पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानंही हलणार नाही.

वॉरंटीबद्दल दोन वाक्यं, कारण असली पत्रं आली की माझं डोकं फिरतं. फायनान्सच्या टेबलावर सही करताना सात वर्षांच्या व्याजासकट गळ्यात घातलेली ती वस्तू आहे, आणि इंजिनमध्ये फेरफार केला की ती हात वर करते. रद्द करा, उरलेल्या मुदतीचे पैसे बहुधा परत मिळतात आणि ते थेट कर्जाच्या मुद्दलात जातात.

कर्ज अजून ४८,००० बाकी आहे, गाडीला ४२,००० येतील म्हणता. सहा हजार खिशातून घालून आज विकायची घाई नको. ट्रक घरच्या वापराला ठेवा आणि ट्यूनचे २,८०० मुद्दलात भरा. हौसेला माझी ना नाही, मलाही त्या कमिन्सचा आवाज आवडतो.

या शनिवारची खेप मात्र रद्द करा. पॉलिसीचं अपवादांचं पान मला पाठवा, आणि डीलरला विचारा की रस्त्यात ट्रॅक्टर पडला तर भरपाई कोण देणार. उत्तर लेखी घ्या.