अमेरिकेत स्वतःचा ट्रक कंपनीकडे लीजवर लावायचाय, कंपनी कशी निवडू?

मैलामागे किती देतात, हे सगळेच विचारतात. तुम्ही कपातीचं विचारा. तिथे आधीपासून ट्रक लावलेल्या कुणाची तरी आठवड्याची सेटलमेंट शीट (कमाई आणि कपातीचा हिशेब) बघायला मिळाली तर उत्तम: इन्शुरन्स, ट्रेलरचं भाडं, ईएलडी (ड्रायव्हिंगचे तास नोंदवणारं यंत्र), नंबरप्लेट, एस्क्रो (कंपनीकडे राहणारी तुमची अनामत रक्कम)... ट्रक गॅरेजमध्ये उभा असला तरी यातलं बरंचसं कापलं जातंच. फ्युएल सरचार्ज (इंधनाच्या दरापोटी मिळणारी जादा रक्कम) पूर्ण मिळतो का, रिकाम्या मैलांचे पैसे आहेत का, लोड नाकारला तर काय, हे करारात लिहून घ्या. लोड वाटून देणाऱ्या डिस्पॅचरच्या तोंडी आश्वासनांवर जाऊ नका, तो गोडच बोलणार!

मैलांऐवजी भाड्याच्या टक्केवारीवर काम असेल तर फ्रेट बिलाची (मालवाहतुकीच्या भाड्याच्या बिलाची) प्रत मागा. ती देणं संघीय लीज नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. कागदपत्रं जमा केल्यावर १५ दिवसांत पैसे आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत एस्क्रोचा हिशेब चुकता, हेही त्याच नियमांत आहे. करारात वेगळं काही दिसलं तर सही न करता उठा.

कंपनीची तपासणी आणि अपघातांची नोंद एफएमसीएसए या संघीय ट्रक-सुरक्षा संस्थेच्या ‘सेफर’ साइटवर फुकट दिसते. रेकॉर्ड खराब असेल तर तपासणी नाक्यावर तुमचाच ट्रक वारंवार बाजूला घेतील.