हद्दीच्या दगडावर मुख्यमंत्र्यांचं नाव कशाला? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: सर, मागच्या अंकात तुम्ही आंध्रचे माजी मुख्यमंत्री जगन मोहन रेड्डी यांच्यावर लिहिलं की त्यांच्या काळात सरकारी पैशावर स्वतःचं नाव लावायची हद्द झाली. तुम्ही स्वतःला उघड उघड पुराणमतवादी म्हणवता म्हणून विचारतो, तुमचा विरोध नक्की खर्चाला आहे की नावाला? कारण कामं तर झालीच ना.
– एक वाचक, लातूर

उत्तर: दोन्हीला आहे, आणि माझ्या मते ते दोन वेगळे मुद्दे नाहीतच. ज्या खर्चावर आपलं नाव लागणार तो करताना हात सैल सुटतो, ही माणसाची सवय आहे, एखाद्या पक्षाची नाही.

आधी जमिनीचंच घेतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. डिसेंबर २०२० मध्ये जगन सरकारने राज्यभर जमिनीची फेरमोजणी सुरू केली. काम चांगलं होतं, अगदी मनापासून सांगतो. तिथली आधीची मोजणी इंग्रजांच्या काळातली, त्यानंतर वाटण्या झाल्या, विक्र्या झाल्या, बांध सरकले, रेकॉर्डला आजोबांचं नाव आणि कसतोय नातू, मग भावाभावांत दावे आणि तारखा. ड्रोन लावून मोजायचं, हद्दीवर दगड रोवायचे, मालकाला नवीन पासबुक द्यायचं, यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण योजनेचं नाव काय ठेवलं तर ‘वायएसआर जगनन्ना शाश्वत भू हक्कु – भू रक्षा’, वायएसआर हे त्यांचे वडील आणि जगनन्ना ते स्वतः, म्हणजे वडिलांचं पण आणि स्वतःचं पण, आणि ते नाव गेलं दगडांवर, आणि पासबुकावर आला मुख्यमंत्र्यांचा फोटो.

आता जरा आपल्या सातबाऱ्यावर चालू मुख्यमंत्र्यांचा हसरा फोटो आहे असं डोळ्यासमोर आणा. तुमच्या पणजोबांनी घेतलेली जमीन, आजोबांनी दुष्काळात पण विकली नाही, वडिलांनी कर्ज काढून विहीर खणली, आणि त्या कागदावर चेहरा कुणाचा तर पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या माणसाचा! पासबुक म्हणजे दानपत्र नाही. सरकारने जमीन दिलेली नाहीये, ती तुमची आहे एवढं फक्त लिहून ठेवलंय. लिहून ठेवणाऱ्याचा फोटो मालकाच्या कागदावर छापला की देणारा कोण आणि मालक कोण हेच उलटंपालटं होतं. माझ्यासारख्या माणसाला मालमत्तेचा हक्क सरकारच्या आधीचा वाटतो, सरकारचं काम तो राखायचं, त्यामुळे हे मला साधी जाहिरातबाजी म्हणून सोडून देता येत नाही.

आणि याचा परिणाम बघा. याच सरकारने २०२२ चा लँड टायटलिंग कायदा आणला, तो ऑक्टोबर २०२३ पासून लागू केला. जमिनीच्या मालकीची सरकारने खात्री द्यायची ही कल्पना नीती आयोगाच्या मसुद्यात होती, वाईट नव्हती, त्यातल्या तरतुदींवर भांडता आलं असतं. पण २०२४ च्या निवडणुकीत विरोधकांनी गावोगाव सांगितलं की हे तुमच्या जमिनी घेणार, आणि लोकांचा विश्वास बसला. का नाही बसणार, कागदावर फोटो त्यांचा, दगडावर नाव त्यांचं, मग जमीन पण त्यांचीच होणार असं शेतकऱ्याला वाटलं तर चूक त्याची कशी म्हणायची? जून २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडूंनी सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी ज्या फायलींवर सह्या केल्या त्यात हा कायदा रद्द करायची फाईल होती. मग पासबुकं परत छापायची, फोटोच्या जागी राजमुद्रा टाकायची, दगडांवरची नावं घासून काढायची. एकाच कामाला दोनदा पैसा, आणि जी सुधारणा खरंच लागत होती ती मधल्यामधे बदनाम झाली.

प्रश्न: तिकडे ग्रामपंचायतींना पक्षाचे रंग लावले म्हणून कोर्टबाजी झाली म्हणे. पण भिंतीला कुठला तरी रंग द्यावाच लागतो, त्यात एवढं काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: रंग द्यावाच लागतो, बरोबर आहे, म्हणूनच हे प्रकरण नीट सांगायला हवं. २०१९ मध्ये सत्ता आल्यावर पंचायतीच्या इमारतींना जगन यांच्या वायएसआर काँग्रेस पक्षाच्या झेंड्यातले निळा, पांढरा, हिरवा रंग द्यायचा हुकूम निघाला. मार्च २०२० मध्ये हायकोर्टाने ते काढायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही काही मिळालं नाही. मग सरकारने काय करावं? नवीन जीओ, म्हणजे सरकारी आदेश, काढला, तेच तीन रंग ठेवले आणि खाली मातीच्या रंगाचा एक पट्टा वाढवला, आणि अर्थ सांगितला की हिरवा म्हणजे शेती, निळा म्हणजे मासेमारी, पांढरा म्हणजे दूध आणि हा चौथा म्हणजे माती. मे महिन्यात हायकोर्टाने तोही जीओ रद्द केला आणि जूनमध्ये सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचंच म्हणणं उचलून धरलं.

तारखा परत बघा. मार्च ते जून २०२०, म्हणजे लॉकडाऊन. सगळ्या राज्यांचं उत्पन्न आटलेलं, आणि एका सरकारचे मोठमोठे अधिकारी आणि वकील भिंतीचा रंग वाचवायला दिल्लीपर्यंत धावतायत. मला रागापेक्षा वाईट जास्त वाटतं. ग्रामपंचायत ही गावाची असते, ज्याने सत्ताधारी पक्षाला मत दिलं नाही त्यालाही दाखला काढायला त्याच दारातून आत जायचं असतं. त्या दारावरच दुसऱ्याचा झेंडा दिसला तर आत गेलेला माणूस अर्जदार राहत नाही, लाचार होतो. शाळा, पंचायत, तलाठी ऑफिस, कोर्ट या जागा कुणाच्याच नसल्या की मगच सगळ्यांच्या होतात आणि त्या तशा राखणं हेच माझ्या मते पुराणमतवादी माणसाचं पहिलं काम आहे.

प्रश्न: स्पष्ट बोलू का? तुम्हा लोकांना गरिबाच्या खात्यात पैसे गेले की पोटात दुखतं. नाव, रंग हे सगळे बहाणे आहेत. जगनने थेट बायकांच्या खात्यात पैसे टाकले, मधला दलाल काढला, ते तुम्हाला दिसत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: दिसतं, आणि दलाल निघाला हे चांगलंच झालं. पेन्शन एक तारखेला घरपोच मिळणं ही म्हाताऱ्या माणसासाठी किती मोठी गोष्ट आहे ते ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला सांगायला नको. पण ते वाटायला अडीच लाखांच्या वर व्हॉलंटियर नेमले, महिना पाच हजार मानधनावर, आणि विरोधकांचा आक्षेप होता की यातले बरेच जण पक्षाचेच कार्यकर्ते. निवडणूक आयोगाने मार्च २०२४ मध्ये त्यांना पैसे वाटण्यापासून थांबवलं तेव्हा पेन्शनवाल्यांचे हाल झाले. चांगली सेवा पक्षाच्या माणसांवर टांगून ठेवली की असं होतं, आणि भोगतो तो गरीबच.

बटण दाबायचा कार्यक्रम तर तुम्ही पाहिलाच असेल. खात्यात पैसे टाकायचं काम ट्रेझरी करते, त्याला मुख्यमंत्री लागत नाही. पण प्रत्येक योजनेच्या हप्त्याला एक सभा, मंडप, बसेस भरून माणसं, पेपरात पानभर जाहिरात, आणि मग मुख्यमंत्री स्टेजवर बटण दाबणार. पाच वर्षांत असे सुमारे पावणेतीन लाख कोटी दिले असा त्यांचा स्वतःचा दावा होता आणि भाषणात ते अभिमानाने सांगायचे की मी बटण दाबलं. मी! म्हणजे ज्याने डिझेलवर टॅक्स भरला, ज्याने साबण घेताना जीएसटी भरला, त्यात ते पैसे घेणारी बाई पण आलीच, ती सगळी माणसं त्या वाक्यातून गायब.

आणि पैसा आला कुठून हे विचारायला नको? २०१९ ला याच पक्षाने टप्प्याटप्प्याने दारूबंदीचं वचन दिलं होतं. बायकांनी त्यावर मतं दिली. नंतर सरकारने एक विकास महामंडळ काढलं आणि दारूवरच्या जादा कराचं पुढच्या वर्षांचं उत्पन्न तारण ठेवून त्याच्या नावावर बँकांकडून कर्ज उचललं. केंद्राने यावर हरकत घेतली, कारण घटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे केंद्राचं देणं बाकी असलेल्या राज्याला कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, आणि महामंडळाच्या नावाने घेतलेलं कर्ज त्या हिशेबातून बाहेर राहत होतं. नीट विचार करा, दारू बंद करायचं वचन आणि दारूचं पुढचं उत्पन्न गहाण. म्हणजे लोकांनी दारू पीत राहणं हे सरकारलाच लागणार, नाहीतर कर्ज फिटणार नाही! बाईच्या खात्यात तिच्याच नवऱ्याच्या बाटलीतून पैसे आले आणि त्यावर नाव मात्र मुख्यमंत्र्यांचं. माझा राग हा आहे, बाईला पैसे मिळाले याचा नाही. गरिबाला द्या, पण बजेटमध्ये दाखवून द्या, चालू उत्पन्नातून द्या आणि अजून जन्माला न आलेल्यांच्या नावावर उधारी करून देऊ नका.

प्रश्न: जुन्या राजांनीपण देवळं घाट बांधून आपली नावं ठेवलीच की. तुम्हाला परंपरा आवडते ना? मग आजच्या नेत्याला वेगळा न्याय का? ऋषिकोंडाच्या महालावर एवढी टीका पण राजवाडे तर आपण तिकीट काढून बघतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर: चांगला प्रश्न आहे. परंपरेतलंच उत्तर देतो. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, सोमनाथ, कुठे कुठे देवळं आणि घाट बांधले. पण होळकरांकडे हिशेब दोन होते, एक दौलतीचा आणि एक खासगीचा, आणि हा धर्मादाय त्यांनी खासगीतून केला. राज्यकर्ती बाई, विचारणारं कोणी नाही, तरी पुण्य स्वतःला हवंय तर पैसा पण स्वतःचाच गेला पाहिजे हे त्यांनी पाळलं. मला आवडते ती परंपरा ही आहे. आजच्या नेत्याने स्वतःच्या पैशाने नाव लावावं, मी एक शब्द बोलणार नाही.

ऋषिकोंडाचं म्हणाल तर विशाखापट्टणमच्या त्या टेकडीवर पर्यटन खात्याचं जुनं रिसॉर्ट होतं, ते पाडून चारशे कोटींच्या वर खर्च करून नवीन इमारती उभ्या केल्या. पक्षाचं म्हणणं की त्या सरकारी इमारती आहेत, राष्ट्रपती पंतप्रधान आले तर उतरायला. विरोधकांचं म्हणणं की ते मुख्यमंत्र्यांचं घर होतं. कुणाचं खरं ते बाजूला ठेवा, माझा प्रश्न साधा आहे. इमारत कशासाठी बांधताय हे बांधून पूर्ण होईपर्यंत जनतेला धड सांगता येत नसेल तर सभागृहाने तो खर्च मंजूर कशाच्या आधारावर केला? कर्जबाजारी राज्यात हे चालायला नको.

प्रश्न: चंद्राबाबू काय कमी आहेत का? आणि उपाय काय, ते कधीच सांगत नाही तुम्ही.
– एक वाचक, पुणे

उत्तर: कमी नाहीत. त्यांच्या आधीच्या कारकिर्दीत ‘चंद्रन्ना बीमा’ (विमा) होता, ‘चंद्रन्ना संक्रांती कानुका’ (भेट) होती, चंद्रन्ना म्हणजे ते स्वतः, पैसा सरकारचाच. २०२४ मध्ये पेन्शन वाढवून चार हजार केली तेव्हा योजनेवरचं वायएसआरचं नाव काढून एनटीआरचं, म्हणजे स्वतःच्या सासऱ्यांचं, लावलं. पासबुकावर राजमुद्रा आणली हे बरोबर केलं, मग तोच नियम पेन्शनला का नाही?

उपाय आपल्याकडे अर्धा झालेला होता. १३ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचा फोटो नको. राज्यं परत कोर्टात गेली आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री सगळ्यांना परत मुभा मिळाली. माझ्या मते तिथेच गाडी घसरली. कायदाच करायला हवा की सरकारी पैशाच्या कुठल्याही कागदावर, वस्तूवर, इमारतीवर जिवंत राजकारण्याचं नाव किंवा फोटो नको, फक्त राजमुद्रा, आणि यातून पंतप्रधानांनाही सूट नको.

कायदा होईपर्यंत निदान तमिळनाडूत २०२१ मध्ये झालं तेवढं तरी करा. सरकार बदललं तेव्हा जयललिता आणि पलानीस्वामींचे फोटो छापलेली शाळेची दप्तरं तयार पडलेली होती. स्टॅलिन म्हणाले आहेत तशीच वाटा, पैसे वाया नको. मी त्यांच्या विचारांचा माणूस नाही, पण हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. पोरांना दप्तरं मिळाली आणि खजिन्यातले काही कोटी रुपये वाचले.